दोनशे ऑसिलेटर हवेत: प्युअर डेटा की सुपरकोलायडर?

प्रश्न: व्हीसीव्ही रॅक या संगणकावरच्या सिंथेसायझरमध्ये वायरी जोडून आजवर छान निभावलं. आता दोनशे साइन ऑसिलेटर (शुद्ध सूर काढणारे ध्वनिस्रोत) हवेत, प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी किंचित वेगळी. पॅचचा, म्हणजे वायरींच्या जोडणीचा, नुसता गुंता झालाय. काय शिकू?

उत्तर: सरळ सुपरकोलायडर, कोड लिहून आवाज घडवायची भाषा. अनेक आवाज बनवून मिसळणारं ‘मिक्स.फिल’ वापरलं की एका ओळीत काम. एवढ्या वायरी ओढायच्या कुणी?

उत्तर: प्युअर डेटा वायरी जोडूनच चालतो, पण त्यातही एका पॅचच्या हव्या तेवढ्या प्रती काढणारा ‘क्लोन’ आहे की! उगाच बदनामी नको.

उत्तर: फीडबॅक (बाहेर पडणारा आवाज परत आत सोडणं) लागणार का, ते आधी सांगा. रॅक एकेक सॅम्पल (आवाजाचा सर्वांत छोटा तुकडा) मोजतो. सुपरकोलायडर आणि प्युअर डेटा मुळात 64 सॅम्पलच्या ब्लॉकने चालतात. सेकंदाला 44,100 सॅम्पल धरली, तर एक ब्लॉक सुमारे 1.45 मिलिसेकंदांचा. तेवढ्या उशिराने फीडबॅकचा आवाजच बदलतो. प्युअर डेटात सबपॅचचा (पॅचच्या आतल्या पॅचचा) ब्लॉक 1 सॅम्पलचा करता येतो, पण प्रोसेसरची दमछाक होते.

प्रश्नकर्ता: फीडबॅक नाही. मग सुपरकोलायडरच घेतो.