कोविड होऊन गेल्यावर तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन कधी करावं? सल्ला हवा आहे

शेवंती (२६ एप्रिल २०२१)
मामा, वय ५८. उजव्या गालाच्या आत शेवटच्या दाढेजवळ न भरणारी जखम. बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर. सीटीत हाड ठीक, मानेत एक गाठ. ऑपरेशनआधीची आरटीपीसीआर पॉझिटिव्ह आली. दोन दिवस ताप, ऑक्सिजन ९७. आज १२वा दिवस. सर्जन थांबा म्हणतात, घरच्यांना गाठ वाढण्याची धास्ती. किती थांबावं? तोवर काय करावं?

निवडुंग
शेवंतीताई, दोन्ही बाजू खऱ्या आहेत. मार्चमध्ये आलेल्या कोविडसर्ज अभ्यासात ११६ देशांतले १ लाख ४० हजारांवर रुग्ण होते. कोविडनंतर ७ आठवड्यांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. पण त्यात सगळ्या प्रकारची ऑपरेशनं आहेत, आणि गालाचा कॅन्सर ७ आठवडे गप्प बसेल याची खात्री नाही. आजार सौम्य होता, साखर ताब्यात आहे, दोन जिने चढून दम लागत नाही, अशा माणसाला ४ आठवड्यांनंतर घेण्याचा विचार होऊ शकतो. तो सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रेडिएशनचे डॉक्टर यांनी एकत्र बसून करायचा. "आमची केस ट्यूमर बोर्डात ठेवा" असं स्पष्ट सांगा.

साथ आहे म्हणून ऑपरेशनच नको, असं मात्र मनात आणू नका. टाटा मेमोरियलमध्ये २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात कॅन्सरची ४९४ ऑपरेशनं झाली, त्यानंतर एकही मृत्यू नाही.

थांबायचं तर मोजत थांबा. दर रविवारी त्याच उजेडात जखमेचा फोटो काढा. तोंडात किती बोटं उभी मावतात ते लिहून ठेवा. तीनावरून दोनावर आलं, गालाची कातडी लाल किंवा ताठ झाली, खालचा ओठ बधिर वाटला, रक्त आलं, तर तारखेची वाट न बघता दाखवा. श्वासाला आवाज येत असेल तर त्याच क्षणी कॅज्युअल्टी गाठा.

आरटीपीसीआर उगाच पुन्हा पुन्हा करू नका. मेलेल्या विषाणूचे अवशेष कित्येक आठवडे सापडतात आणि तारीख विनाकारण पुढे जाते. पहिला रिपोर्ट जपून ठेवा.

करवंद
मधल्या काळात गाठ आवरायला काही डॉक्टर मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या गोळ्या देतात. दिलंच तर एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवा: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. चुकून रोज घेतलं तर तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी कोसळतात आणि जीवावर बेततं. आधी रक्ततपासणी, क्रिएटिनिन (किडनीची चाचणी), लिव्हरच्या चाचण्या हव्यातच.

रक्ताची सोय आत्ताच बघा. १ मे २०२१पासून १८ वर्षांवरच्यांना लस सुरू होतेय, आणि आत्ताच्या (एप्रिल २०२१) नियमाप्रमाणे लसीनंतर २८ दिवस रक्तदान चालत नाही. घरातल्या तरुणांनी आधी रक्त द्यावं, मग लस घ्यावी.

किडलेल्या दाढा आत्ताच दंतवैद्यांना दाखवा. मानेत गाठ आहे म्हणजे ऑपरेशननंतर रेडिएशन लागण्याची शक्यता मोठी, आणि ते ६ आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. रेडिएशन झाल्यावर दाढ काढली तर जबड्याचं हाड कुजू शकतं. तंबाखू आजच बंद.

शेवंती
गळ्याला छिद्र पाडावं लागेल असं म्हणाले. कोविडच्या दिवसांत घरी कसं सांभाळायचं?

निवडुंग
इथे एक चूक हमखास होते. गळ्याच्या छिद्रात श्वासाची नळी आहे तोवर माणूस मुख्यतः गळ्यातून श्वास घेतो, म्हणून नाकातोंडावरचा मास्क एकटा पुरत नाही. नळीच्या तोंडावर बसणारा, श्वासातली ऊब आणि ओलावा राखणारा एचएमई फिल्टर घ्या, भिजला की बदला. नळीच्या तोंडाला टेप लावून ते कधीच बंद करू नका. लक्षणं आली तर नाकाच्या स्वॅबबरोबर नळीतल्या स्रावाचीही तपासणी मागा. नुसत्या नाकातून संसर्ग निसटू शकतो.

सक्शन करणाऱ्याने (म्हणजे मशीनने नळीतला कफ ओढून काढणाऱ्याने) एन९५ मास्क आणि चष्मा किंवा फेसशील्ड लावावं. खिडकी उघडी, खोलीत बाकी कुणी नको. कॅथेटर (कफ ओढायची बारीक नळी) आत घालताना ओढ बंद, बाहेर काढताना चालू, एका वेळी १० ते १५ सेकंदच. आतली नळी काढता येणारी असेल तर दिवसातून निदान दोनदा धुवा. कफ सुकून नळी बुजली तर श्वास अडकतो.

करवंद
ऑपरेशननंतर नाकातून पोटात घालतात त्या खाण्याच्या नळीचंही सांगते. मामांना बसवून किंवा पाठीला उशा लावून फीड (नळीतून द्यायचं पातळ अन्न) द्या. दर दोन तासांनी २०० मिली, सिरिंजचा दट्ट्या न दाबता, नुसतं उंच धरून. डाळीचं पाणी, सातूची पेज, ताक, सगळं मलमलच्या फडक्यातून गाळून. नंतर ३० मिली पाणी सोडा आणि अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. नळी तुंबते ती न गाळलेल्या पेजेमुळे आणि जाडसर कुटलेल्या गोळ्यांमुळे. नाकपुडीपाशी मार्करने खूण करून घ्या. खूण सरकली तर फीड थांबवा, नळी स्वतः आत ढकलू नका.