मदत हवी आहे : हवा गेली की ब्रेक लागतात, मग कठुआची मालगाडी सुटली कशी?

नमस्कार मंडळी. माझी भाची आठवीत आहे, कर्जतला. विज्ञान प्रदर्शनासाठी तिने 25 फेब्रुवारी 2024 ची विनाचालक मालगाडी हा विषय घेतलाय. जम्मू-काश्मीरमधल्या कठुआ स्टेशनात उभी असलेली, खडीने भरलेली 53 वाघिणींची गाडी उतारावर आपोआप सुटली आणि 70 किलोमीटरच्या आसपास धावून पंजाबात, उंची बस्सीजवळ थांबली. कुणाला इजा झाली नाही, हे वाचून आम्हा दोघींचाही जीव भांड्यात पडला.

आम्ही अडलोय ते असं. नळीतली हवा गेली की रेल्वेचे ब्रेक आपोआप लागतात ना? मग उभ्या गाडीचे सुटले कसे? तिने सलाइनची नळी आणि सिरिंज वापरून मॉडेल केलंय. गाडा फळीवर दहा मिनिटं थांबतो आणि मग घसरतो. पोर रडकुंडीला आलीय.

दुसरं, रुळावर वाळू आणि लाकडी ठोकळे टाकून गाडी अडवली. पण चाक घसरू नये म्हणून इंजिनं स्वतःच वाळू सोडतात! मग ती अडवते कशी? प्रदर्शन सोमवारी आहे, कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद :
ताई, मॉडेल बिघडलेलं नाही, तेच दाखवा. ब्रेक पाइपमधला दाब उतरला की वाघिणीखालच्या टाकीतली हवा सिलिंडरमध्ये जाते आणि ब्रेक लागतात. पण ही साठवलेली हवाही सांध्यांतून हळूहळू पाझरते. कॉम्प्रेसर बंद असला की इंजिनाचा ब्रेकही तसाच ढिला पडतो. म्हणून गाडी सोडून जाताना वाघिणींचे हँडब्रेक आवळायचे आणि चाकांखाली लाकडी गुटके घालायचे. त्यांना हवा लागत नाही. भाचीला गाड्याखाली एक गुटका ठेवून बघायला सांगा.

वाळूचं म्हणाल तर चाकाखाली चिमूटभर पडली की पकड वाढते. ढीग टाकला की चाकाला तो चिरडत, ढकलत जावं लागतं आणि त्यात वेग खर्च होतो. उंची बस्सीजवळचा चढही मदतीला आला.

आणि कर्जतच्या मुलीने कॅच साइडिंग, म्हणजे सुटलेली गाडी अडवणारा चढाचा फाटा, दाखवायलाच हवं. आपल्या बोरघाटात 37 फुटांमागे 1 फूट उतार आहे. उतरणारी गाडी ठरलेल्या जागी थांबली नाही, तर पॉइंट (रूळ बदलायचा सांधा) आधीपासूनच चढावर जाणाऱ्या या फाट्याकडे लावलेला असतो.