तापवल्यावर मोरचुदाचा निळा रंग का जातो?

प्रश्न: संक्रामक मूलद्रव्यांच्या संयुगांना डी ऑर्बिटलमधील (अणूतील इलेक्ट्रॉनांच्या जागांच्या एका प्रकारातील) इलेक्ट्रॉनांमुळे रंग येतो, असे आम्हाला शिकवले आहे. मग मोरचूद (स्फटिकात पाणी असलेले कॉपर सल्फेट) तापवल्यावर तांब्याचा आयन (प्रभारित अणू) तोच राहूनही तो पांढरा का पडतो? शिवाय पोटॅशियम परमँगनेटमधील मँगनीजकडे एकही डी इलेक्ट्रॉन नसताना ते इतके गडद जांभळे कसे?

उत्तर १: आयन तोच राहतो, पण त्याचे शेजारी बदलतात. निळ्या स्फटिकात तांब्याच्या प्रत्येक आयनाभोवती पाण्याचे चार रेणू आणि सल्फेटचे दोन ऑक्सिजन असतात. त्यांच्या प्रभावामुळे पाचही डी ऑर्बिटलची ऊर्जा सारखी राहत नाही (यालाच विभाजन म्हणतात) आणि खालच्या पातळीवरून वर जाताना इलेक्ट्रॉन तांबडा प्रकाश शोषतो, म्हणून आपल्याला निळा रंग दिसतो. पाणी निघून गेल्यावर केवळ सल्फेटचे ऑक्सिजन उरतात, पातळ्यांमधील अंतर घटते आणि शोषण डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त भागात सरकते, म्हणून तो पांढरा दिसतो. ‘पाणी नाही, म्हणून विभाजनच नाही’ हे गाइडांमधले उत्तर मला अपुरे वाटते. उलट मोरचुदाच्या द्रावणात भरपूर अमोनिया घातल्यास हेच अंतर वाढते आणि रंग गर्द निळा होतो.

उत्तर २: परमँगनेटमध्ये ऑक्सिजनवरील इलेक्ट्रॉन प्रकाश शोषून +७ अवस्थेतील (सात इलेक्ट्रॉन गमावल्याचे मानलेल्या) मँगनीजकडे जातो. याला प्रभार स्थानांतरण म्हणतात. सुमारे ५२५ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश त्यात शोषला जातो, आणि डी ऑर्बिटलांमधील संक्रमणांपेक्षा हे शोषण कितीतरी तीव्र असते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग झिंक सल्फेट रंगहीन असते, कारण तेथे डी ऑर्बिटल पूर्ण भरलेली असतात?

उत्तर १: होय, दहाही इलेक्ट्रॉन असल्याने वरच्या पातळीत जागाच उरत नाही.