श्रीलंका: मेची सुट्टी, दिवाळीची की नाताळची?

नीरजा_ठाणे:
आई-बाबा (दोघंही पासष्टीपुढचे) आणि दोन मुलं धरून आम्ही सहाजण, ९ दिवस. शाळेमुळे तीनच पर्याय आहेत: मेचा पहिला पंधरवडा, दिवाळी किंवा नाताळ. सीगिरिया (खडकावरचा प्राचीन किल्ला), कँडी, नुवारा एलिया आणि मुलांना पोहता येईल असा एक किनारा हवा. कुणी ‘डिसेंबर ते मार्च उत्तम’ म्हणतं, कुणी ‘मे ते सप्टेंबर’. नक्की खरं काय?

घाटमाथा:
दोन्ही खरं आहे, फक्त बेटाच्या वेगवेगळ्या बाजूंना. श्रीलंकेत दोन मोसमी पाऊस येतात. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून येणारा, म्हणजे आपला नेहमीचाच. तो कोलंबो, गॉल, मिरिसा आणि डोंगरांच्या पश्चिम उतारावर पडतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडून येतो आणि त्रिंकोमाली, पासिकुडा, पोलोन्नरुवा भिजवतो.

मधल्या डोंगररांगेचं काम आपल्या सह्याद्रीसारखंच. वारा ज्या बाजूने चढतो तिथे कोकण, पलीकडे माणदेश. फरक इतकाच की इथे सहा महिन्यांनी बाजू बदलतात. जुलैत रत्नपुऱ्याला धो धो पाऊस असतो, तेव्हा पूर्व किनाऱ्यावर डोंगर उतरून आलेला कोरडा, गरम वारा सुटतो. तिथे त्याला ‘कच्चान’ म्हणतात.

म्हणून आधी महिना ठरवा, मग किनारा. उलटं केलं की फसतं.

पूर्वकिनारा:
दिवाळी सरळ काटा. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा दोन मोसमांमधला काळ, पण कोरडा नव्हे. सकाळी ऊन, दुपारी दोननंतर गडगडाट, आणि तोही जवळपास सगळ्या बेटावर. शिवाय बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे आणि चक्रीवादळं याच सुमारास होतात. डोंगरात दरडी कोसळून रस्ते आणि रेल्वे बंद पडतात. ज्येष्ठांना घेऊन हा धोका पत्करू नये.

नाताळात गॉलकडचा समुद्र छान शांत असतो. पण सीगिरिया-पोलोन्नरुवा भागात डिसेंबर हा भर पावसाचा महिना, ओल्या पायऱ्या चढणं आई-बाबांना जड जाईल. हॉटेलांचे दरही त्याच दोन आठवड्यांत सर्वात चढे. नुसता दक्षिण किनारा करायचा असता, तर नाताळच सांगितला असता.

तुमच्या यादीला मेचा पहिला पंधरवडा बसतो. नैर्ऋत्य पाऊस साधारण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जोर धरतो. त्याआधी दुपारच्या सरी येतात, त्या सोसण्यासारख्या. पोहायला मात्र पूर्वेलाच जा. मुलांसाठी निलावेलीपेक्षा पासिकुडा बरं, कारण तिथे बरंच आत गेलं तरी पाणी उथळच असतं. पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर मेपासून लाटा उसळतात, पाण्याखालची ओढ माणसाला आत नेते. लाल झेंडा दिसला तर गुडघाभर पाण्यातही मुलांना सोडू नका.

नीरजा_ठाणे:
म्हणजे गॉल सोडायचं? आणि मेच्या उन्हात सीगिरिया कसं जमेल?

पूर्वकिनारा:
९ दिवसांत पूर्व किनारा आणि गॉल दोन्ही धरलं तर निम्मा वेळ गाडीत जाईल. गॉल सोडा.

क्रम असा ठेवा: विमानतळावरून थेट सीगिरिया (साधारण ४ तास) २ रात्री, पासिकुडा २, कँडी २, नुवारा एलिया १, आणि शेवटची रात्र विमानतळाजवळ नेगोंबोला. सीगिरियाला सुमारे १,२०० पायऱ्या आहेत. दरवाजे उघडताच चढायला लागा, नऊनंतर खडक तापतो. आई-बाबांना वर जायचं नसेल तर खालच्या जलउद्यानापर्यंतचा भाग सपाट आहे. नुवारा एलिया १,८०० मीटरवर, मेमध्येही रात्री स्वेटर लागतो. हॉर्टन प्लेन्सला (नुवारा एलियाजवळचं उंच पठार) जाणार असाल तर पहाटे निघा. नऊ-दहाला ढग चढले की कड्यावरून पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही.

घाटमाथा:
पावसाइतक्याच सणांच्या तारखा बघा. दर पौर्णिमेला ‘पोया’ची सार्वजनिक सुट्टी असते, दारूविक्री बंद, मंदिरांत गर्दी. वेसाक, म्हणजे तिथली बुद्धपौर्णिमा, बहुधा मेमध्येच येते. रस्तोरस्ती कंदील आणि फुकट अन्नछत्रं असतात, ती जरूर बघा, पण त्या दिवशी लांबचा प्रवास ठेवू नका. अधिक महिन्याच्या वर्षी आपली आणि त्यांची तारीख जुळेलच असं नाही, म्हणून श्रीलंकेची सुट्ट्यांची यादी पाहूनच विमानाची तिकिटं काढा.

१३-१४ एप्रिलला सिंहली-तमिळ नववर्ष असतं. तेव्हा दुकानं बंद, बसगाड्या तुडुंब आणि नुवारा एलियात खोली मिळणं मुश्कील. ती गर्दी मेपर्यंत ओसरलेली असते. कँडी ते नानुओया (नुवारा एलियाचं स्टेशन) रेल्वेने जायचं असेल तर आरक्षण खुलं होईल त्याच दिवशी करा. नाहीतर सामानासकट चारेक तास उभं राहावं लागेल. मोठ्या बॅगा गाडीवाल्याबरोबर रस्त्याने पुढे पाठवा.