ड्रेस्डेनचा नॉयमार्क्ट: पुन्हा बांधला की नुसता सजवला?

दगडफूल
जर्मनीत ड्रेस्डेनला दोन दिवस होतो. नॉयमार्क्ट चौकात सगळे फोटो काढत होते, मला मात्र कसंसंच झालं. १३ ते १५ फेब्रुवारी १९४५ला ब्रिटिश-अमेरिकी विमानांनी हे जुनं शहर जाळलं. चौकातल्या फ्राउएनकिर्खे चर्चचा घुमट आगीतही तग धरून होता, तो १५ला सकाळी कोसळला. आज तिथे काय? गुळगुळीत रंगवलेली 'जुनी' घरं, आत काँक्रीट, खाली कॉफीची दुकानं. बर्लिनमध्ये कैसर विल्हेल्म चर्चचा युद्धात मोडलेला मनोरा तसाच ठेवलाय. काय घडलं ते कळायला तिथे पाटी वाचावी लागत नाही.

वरणफळ
तुम्ही दोन दिवस राहिलात हो! पूर्व जर्मनीच्या राजवटीत चर्चचा ढिगारा चाळीसेक वर्षं तसाच होता. तिथल्या माणसांनी रोज भाजी आणायला जाताना तो बघायचा? १९९४ ते २००५मध्ये चर्च उभं राहिलं, त्यातला मोठा वाटा देणग्यांचा. घुमटावरचा क्रूस घडवणारा लंडनचा कारागीर, त्याचे वडील बॉम्बफेकीला आलेल्या वैमानिकांपैकी. ढिगारा तसाच ठेवला असता तर हे झालं असतं का?

दगडफूल
चर्चबद्दल तक्रार नाहीच. ढिगाऱ्यातले दगड मोजून, जमले तितके मूळ जागी बसवलेत. तक्रार भोवतालच्या घरांची आहे. तो निव्वळ देखावा.

खवचट
ढिगाऱ्याचं तुम्हाला फार कौतुक, पण त्यावर कोण रडतं तेही बघा. नवनाझी फेब्रुवारीत मोर्चे काढतात आणि मृतांचा आकडा लाखांत नेतात. इतिहासकारांच्या समितीने २०१०मध्ये तो जास्तीत जास्त २५,००० ठरवला. तोही काही कमी नाही म्हणा. आणि याच शहरातलं वास्तुकार सेम्परने बांधलेलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ? ते नोव्हेंबर १९३८मध्ये नाझींनी जाळलं, तेव्हा आकाशात एकही ब्रिटिश विमान नव्हतं. त्या जागी २००१मध्ये नवं झालं, आधुनिक ठोकळा. हुबेहूब जुनं बांधायचा हट्ट तिथे दिसला नाही.

वरणफळ
सिनेगॉगचा मुद्दा बिनतोड, मान्य. पण नवनाझी येतात म्हणून लोकांनी आपला चौक बांधायचा नाही, हे पटत नाही. आणि चर्चच्या भिंतीत करपलेले काळे दगड उठून दिसतातच की. खूण राहिलीय.

खवचट
ते करपलेले नाहीत. इथला, एल्बे नदीकाठचा वालुकाश्म वर्षानुवर्षं हवेत राहिला की काळा पडतो. नवे दगडही पडतील. आणखी काही दशकांनी कुठला कुठला, ओळखू येणार नाही.

दगडफूल
अरेच्चा. मग तर माझी तक्रार चर्चबद्दलही आहे.