मदत हवी आहे: गोल्फची निवांत सहल, पण फॉर्मच पुढे सरकत नाहीये

ऊनसावली
नमस्कार. उत्तर जरा लवकर हवंय, उद्या रात्रीपर्यंत बुकिंग पक्कं करायचंय. आम्ही तीन दिवस गोल्फ खेळायला चाललोय, रोज एक राउंड. निवांत सहल आहे, स्पर्धा-बिर्धा काही नाही. ऑनलाइन फॉर्ममध्ये 'हॅन्डिकॅप' असा रकाना आहे, तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. शून्य टाकलं तर चालेल का? आणि क्लबचा, म्हणजे काठ्यांचा, सेट विकत घ्यावा की तिथेच भाड्याने? 'आधी शोधून बघा' असं कृपया सांगू नका. शोधलंय, आणि शोधूनच डोकं फिरलंय.

बंकरवासी
अहो, शून्य नका टाकू! पार म्हणजे कोर्ससाठी किंवा होलसाठी ठरवलेले फटके, आणि हॅन्डिकॅप म्हणजे त्यापेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा. शून्य म्हणजे स्क्रॅच खेळाडू, पार ७२ च्या कोर्सवर ७२ च्या आसपास येणारा. २०२० पासून जी जागतिक पद्धत आली त्यात हॅन्डिकॅप जास्तीत जास्त ५४ असतो. तुम्ही कधी स्कोअरकार्ड जमाच केलं नसेल तर तुम्हाला हॅन्डिकॅपच नाही. सरळ फोन लावा आणि 'नवशिके आहोत, हॅन्डिकॅप नाही' असं सांगून टाका. काही कोर्स त्याशिवाय घेतच नाहीत, दारातून परत फिरण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं.
आता बाकीचं सांगा. किती जण? किती खेळलाय? १८ होल की ९? चालत की कार्टने?

हिरवळवेडा
जायचंच तर स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला जा! तिथला ओल्ड कोर्स! १७६४ साली तिथे २२ होलचे १८ केले, म्हणून आज जगभर १८ आहेत. फक्त रविवार टाळा, त्या दिवशी तिथे गोल्फ बंद असतो.

बंकरवासी
@हिरवळवेडा, आणि तिथे हॅन्डिकॅपचा दाखला मागतात. बाई त्याच रकान्यावर अडकल्यात. धागा वाचून लिहीत चला की.

ऊनसावली
चौघं आहोत. मी आणि माझा भाऊ चार-पाच महिने ड्रायव्हिंग रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जातोय. नवरा आणि वहिनी अजून खेळलेले नाहीत, पण तिथे गेल्यावर जमेल त्यांना. १८ होलचाच कोर्स आहे, फोटो बघून प्रेमात पडलो. चालतच जाणार, तेवढाच व्यायाम. पण सेटचं सांगा ना कुणीतरी.

सात_नंबरी
म्हणजे चौघांपैकी दोघांनी क्लब हातात धरलेला नाही, उरलेले दोघे गवतावर खेळलेले नाहीत, आणि तीन दिवसांत ५४ होल? ताई, याला निवांत कोण म्हणतं?

माझी पहिली ट्रिप अशीच होती. रेंजच्या मॅटवर क्लब बॉलच्या दोन इंच मागे पडला तरी घसरत पुढे जातो आणि बॉल छान उडतो. आपल्याला वाटतं, आलं की. गवतावर तोच क्लब मातीत रुतला, तळहाताएवढं ढेकूळ बॉलच्या पुढे जाऊन पडलं आणि बॉल होता तिथेच, माझ्याकडे बघत. अकराव्या होलवर ग्लोव्ह काढला तर त्याच्याबरोबर फोडाची साल निघाली. दुसऱ्या दिवशी दात घासायचा ब्रशसुद्धा हातात धरवेना.

चार सराईत माणसांना १८ होलला चार-सव्वाचार तास लागतात. तुम्हाला सहाही लागतील. मागे दर आठ-दहा मिनिटांनी नवा ग्रुप सुटत असतो. तुम्ही रफमध्ये, म्हणजे कडेच्या उंच गवतात, बॉल शोधताय आणि मागचे चौघं कमरेवर हात ठेवून उभे आहेत, यात कसला आलाय निवांतपणा!

सेटचं म्हणाल तर एक ७ नंबरचं आयर्न (मधल्या अंतराला), एक वेज (जवळून उंच उडवायला) आणि एक पटर (बॉल होलकडे ढकलायला). बस्स. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, घरीच ठेवा.

बंकरवासी
फक्त ७ नंबर? पार ५ च्या लांब होलवर काय, आठवडाभर चालायचं? लांब मारायला एक हायब्रिड क्लब हवाच. त्यापेक्षा भाड्याचा अख्खा सेट घेतला की प्रश्नच मिटला.

सात_नंबरी
भाड्याच्या सेटमध्ये १४ काठ्या देतात आणि नवशिक्या प्रत्येक फटक्याआधी त्यातली कुठली काढू यातच वेळ घालवतो. नियमात कमाल १४ आहेत, किमान काही नाही. मी एका आयर्नवर दीड वर्ष काढलंय.

बंकरवासी
ते दिसतंच आहे नावावरून. (हलकेच घ्या.)

ऊनसावली
भाऊ डावखुरा आहे. त्याने काही फरक पडतो का?

बंकरवासी
हे आत्ता सांगताय!! फरक? उजव्या हाताच्या क्लबचं तोंडच त्याच्या दृष्टीने उलट्या बाजूला असतं. बऱ्याच ठिकाणी डावखुरे सेट एक-दोनच असतात, तेही कुणीतरी आधीच घेतलेले. फोन करालच तेव्हा त्याच्या नावाने राखून ठेवायला सांगा. आणि रेंजवर तो इतके दिवस काय वापरतोय?

ऊनसावली
मित्राचे.

सात_नंबरी
मग तेच मागून न्या. सुटला प्रश्न.

लेखणीवाली
अवांतर: गोल्फ की गॉल्फ? धाग्यात सगळ्यांनी गोल्फ लिहिलंय.

मृदगंधा
मी दोन वर्षांपासून खेळतेय, ते पण वाईट. पण आमच्या ट्रिप निवांत होतात. आम्ही सगळ्यात पुढच्या टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) मारतो, त्यात लाज कसली? होल तेवढाच, १०८ मिलिमीटरचा, अंतर कमी झालं इतकंच. आणि स्क्रॅम्बल खेळतो: चौघांनी मारायचं, त्यातला सगळ्यात बरा बॉल जिथे पडला तिथून पुन्हा चौघांनी मारायचं. ज्यांना जमत नाही त्यांच्यामुळे कुणी अडत नाही आणि त्यांचा एखादाच लांबून होलमध्ये गेलेला पट (पटरचा फटका) गप्पांना संध्याकाळभर पुरतो.

सुरुवातीला ९ होल किंवा फक्त पार ३ चा छोटा कोर्स. दुपारनंतरची वेळ घ्या, गर्दी कमी असते. बॉल साधे, भरपूर न्या. २०१९ पासून शोधायला तीनच मिनिटं मिळतात, आधी पाच होती. तुम्ही तेवढाही वेळ घालवू नका, दुसरा टाकून पुढे चला.

सात_नंबरी
स्क्रॅम्बलला माझा विरोध आहे. बॉल कायम चौघांपैकी एकाचाच घेतला जातो, बाकीचे नुसते मागून चालतात. त्यापेक्षा प्रत्येकाने आपापला बॉल खेळावा आणि पारच्या दुप्पट फटके झाले की उचलून खिशात टाकावा. पार ४ ला आठ झाले, पुढे चला.

मृदगंधा
ज्याने आजवर क्लब धरला नाही तो प्रत्येक होलला आठ मारून बॉल खिशात टाकणार. नऊ होल झाले की म्हणेल, मी हॉटेलवर जाते. वहिनींना विचारून बघा.
आणि एक राहिलंच. फोनवर विचारा की त्या तारखांना ग्रीनचं (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताचं) एअरेशन तर नाही ना. म्हणजे मुळांना हवा मिळावी म्हणून ग्रीनवर बारीक भोकं पाडून त्यात वाळू भरतात. बॉल टणाटण उड्या मारत जातो. कोर्स बंद नसतो, त्यामुळे विचारल्याशिवाय बरेचदा कुणी सांगत नाही.

हिरवळवेडा
सेंट अँड्र्यूजला छोटा कोर्सही आहे. बाल्गोव्ह, ९ होल, खास मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठी. सहज सांगितलं.

बंकरवासी
चला, काहीतरी कामाचं बोललात.

ऊनसावली
फोन केला. हॅन्डिकॅप नसला तरी हरकत नाही म्हणाले, फॉर्म सोडून द्या, नावं फोनवरच घेतो. डावखुरा सेट एकच आहे आणि तो दिलेला आहे. मित्राचे क्लब नेतोय. मृदगंधा, तुमचे विशेष आभार, दुसऱ्या दिवशी सकाळीच एअरेशन आहे! मी विचारल्यावर सांगितलं. म्हणून पहिल्या दिवशी ९ होल, पुढच्या टीवरून, कार्टने. दुसरा दिवस मोकळा. तिसऱ्या दिवशी भाऊ आणि मी वेगळ्या कोर्सवर १८ खेळणार. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, मी कार्ट चालवतो.
वहिनी मात्र म्हणतात मला पण खेळायचंय, पण बंकरमध्ये, त्या वाळूच्या खड्ड्यात, गेले तर काय करायचं ते कुणीतरी आधी सांगा.

बंकरवासी
हा माझा विषय. नवा धागा काढा, सविस्तर लिहितो. तोवर एवढंच सांगा त्यांना: बाहेर पडल्यावर दाताळ्याने वाळू सारखी करायची.

लेखणीवाली
गोल्फ की गॉल्फ, कुणी सांगेल का?