‘नॉव्हेल्टी टोकन’ला मराठीत काय म्हणावे?

भाषांतरकर्ती, गंगापूर रोड : नाशिकमधील एका छांदिष्ट संग्राहकाच्या वस्तूंचे छोटे प्रदर्शन भरायचे आहे आणि त्यातील पाट्यांचा मराठी मजकूर करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. संग्रहात खरी चलनी नाणी जवळजवळ नाहीत. बँकेत पूर्वी पैसे काढताना हाती मिळणाऱ्या आकडा कोरलेल्या पितळी चकत्या, कारखान्याच्या कॅन्टीनमधील चहाची टोकने, इटलीतील सार्वजनिक टेलिफोनमध्ये 2001 पर्यंत टाकायची खाचा पाडलेली ‘जेत्तोने’, दोन्हीकडे छापाच असलेले गमतीचे नाणे आणि यंत्राच्या रुळांतून पोळीसारखे लाटून लांबट केलेले अमेरिकी सेंट, असा सगळा ऐवज आहे. शेवटच्या प्रकाराची सुरुवात शिकागोच्या 1893 च्या जागतिक प्रदर्शनाशी जोडली जाते. संग्राहक या सर्वांना सरसकट ‘नॉव्हेल्टी टोकन’ म्हणतात. मी ‘बिल्ले’ असे लिहिले, तर त्यांनी ते खोडून ‘बिल्ला हमालाच्या दंडावर असतो’ असा शेरा मारला. आपले मत काय?

पंचवटीकर : शेरा मारणाऱ्या काकांचे बरोबर आहे, पण अर्धेच. बिल्ला अंगावर लावायचा किंवा गळ्यात अडकवायचा असतो हे खरे, तथापि आमच्या पेठेतील वयस्क मंडळी बँकेतल्या त्या पितळी चकतीलाही बिल्लाच म्हणत असत. ‘बिल्ला घेऊन बस, नंबर पुकारतील’ हे वाक्य मी लहानपणी अनेकदा ऐकले आहे.

शुद्धलेखनप्रेमी : ‘नवलमुद्रा’ हा शब्द घ्यावा. अर्थ तत्काळ कळतो आणि इंग्रजीची उसनवारी टळते. ज्या सावरकरांनी ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हे शब्द दिले त्यांचे भगूर आपल्यापासून कितीसे दूर आहे? त्या शब्दांनाही लोक आरंभी हसलेच होते.

नाशिकरोडकर : हसण्याचा प्रश्न नाही, अर्थाचा आहे. मुद्रा म्हणजे सत्तेचा ठसा. आमच्या नाशिक रोडच्या सरकारी प्रेसमध्ये 1925 पासून जे छापले जाते त्याला मुद्रांक म्हणतात, कारण त्यामागे सरकार उभे असते. कॅन्टीनच्या टोकनामागे फार तर एक कप चहा उभा असतो. ज्या वस्तूची सगळी गंमत तिच्यावर राजमुद्रा नसण्यात आहे, तिलाच मुद्रा म्हणणे म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

मनमाडकर (सेवानिवृत्त, रेल्वे) : आपण सर्वांनी टोकन गोल आणि चपटे असते असे धरून चालला आहात, म्हणून लिहितो. दोन्ही दिशांच्या गाड्यांना एकच रूळ असलेल्या एकेरी मार्गावर आमचे टोकन म्हणजे पोलादी गोळा असे. दोन स्थानकांतील यंत्रे एकमेकांशी अशी जोडलेली असत की एका वेळी एकच गोळा बाहेर निघे. तो कातडी पिशवीत घालून, मोठ्या कडीला अडकवून चालकाच्या हाती दिला की मगच गाडीने पुढच्या टप्प्यात शिरायचे. गोळा हाती नाही, तर गाडी पुढे नाही. टोकन म्हणजे नाण्याची नक्कल नसून अधिकाराची खूण आहे. तेव्हा ‘खूण’ याच शब्दापासून काही घडवता आले तर पाहावे.

पंचवटीकर : ‘खूण’ उत्तम आहे, पण दोन्हीकडे छापा असलेल्या नाण्याने कोणता अधिकार मिळतो? त्याने फक्त मित्राला फसवून चहा उकळता येतो.

टंकशाळा : ‘टोकन’ हा शब्द मुळात आपलाच आहे, असे माझे जुने मत आहे. टंक, टंका, टांकसाळ, देवाचा टाक आणि टोकन ही एकच माळ दिसते.

नाशिकरोडकर : दिसते, पण आहे असे नाही. इंग्रजी ‘टोकन’ जुन्या जर्मानिक शब्दकुळातला असून त्याचा अर्थ ‘चिन्ह’ असा आहे. उच्चार जुळला की सोयरीक जुळली, या हिशेबाने ‘टोक’ही त्याच माळेत ओवावे लागेल.

टंकशाळा : सोयरीक नसेल तर नसो, परंतु ‘रामटंका’ या शब्दाला तरी हरकत नसावी. राम, लक्ष्मण, सीता आणि हनुमान यांची चित्रे असलेले हे देवळातले टंके चलनासाठी नव्हे तर पूजेसाठी पाडले जात. अंजनेरीच्या नाणेसंग्रहालयाच्या वाटेवर असलेल्या गावाला हे वेगळे सांगायला नको. याउलट सिंहस्थात पथारीवर ‘ईस्ट इंडिया कंपनी, 1818’ असे कोरलेले आणि मागे हनुमान असलेले जे चमत्कारी नाणे विकले जाते, ते कंपनीने कधीही पाडलेले नाही. माझ्या मते खरे ‘नॉव्हेल्टी टोकन’ तेच, आणि त्याला मराठीत ‘बनावट’ हा शब्द पुरेसा आहे.

देवळालीच्या मावशी : आमच्या देव्हाऱ्यात सासूबाईंच्या वेळेपासून पितळी रामटंका आहे. त्याला हिरवा गंज चढतो, म्हणून दर सणाला चिंच-मीठ लावून उजळते. प्रदर्शनात मांडायचा असल्यास देईन.

भाषांतरकर्ती : मावशी, संग्राहकांना हे वाचून दाखवले तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. चिंचेने वरची जुनी झाक जाते, पितळ लालसर पडते आणि कोरीव रेषा बोथट होतात, असे ते म्हणतात. मूळ प्रश्न अजून बाकी आहे, एवढी नम्र आठवण.

शुद्धलेखनप्रेमी : पितळेला गंज चढत नाही. गंज लोखंडाला चढतो, पितळ-तांब्याला कळक चढतो. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे विसरणारी पिढी ‘टोकन’च म्हणणार.

देवळालीच्या मावशी : ताक कळकते, पण टाक कळकलेला मी कधी ऐकला नाही. कळक हा भांड्यातून अन्नात उतरतो. आमच्याकडे वस्तूवर दिसतो त्याला गंजच म्हणतात, मग धातू कोणताही असो.

नाशिकरोडकर : आणि ज्या आंबटाने ताक कळकते, त्याच आंबटाने आपण रामटंका घासता आहात, हेही लक्षात घ्यावे.

संग्राहकाचा पुतण्या : काकांच्या वतीने लिहितो. त्यांची खरी डोकेदुखी कळकही नाही आणि गंजही नाही. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत वर्षानुवर्षे ठेवलेल्या पितळी टोकनांवर हिरवट, बोटाला चिकटणारा थर येतो. ते प्लास्टिक हळूहळू आम्ल सोडते आणि तांब्याचा अंश त्यात उतरतो. शुद्ध ॲसिटोनमध्ये टोकन बुडवून ठेवले की हा थर सुटतो. नखांचे रंग काढण्याचे द्रावण मात्र वापरू नये, त्यात सुगंध आणि रंग मिसळलेले असतात, आणि प्लास्टिकचे कॅन्टीन टोकन चुकूनही ॲसिटोनमध्ये टाकू नये, ते विरघळते. या थराला आम्ही घरात ‘चिकटा’ म्हणतो. पाटीवर हा शब्द चालेल का?

पिंपळगावचा बागायतदार : चालणार नाही. चिकटा द्राक्षाच्या घडावर पडतो आणि तो पिठ्या ढेकणामुळे येतो. टोकनासाठी दुसरा शब्द शोधावा.